टर्नटेबल बनवणाऱ्या कंपन्यांचे भांडण नेमके कशावरून आहे?

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या एका जुन्या माळवदाच्या वाड्याची वाटणी झाली, तेव्हा माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वाट्याला पत्र्याची एक ट्रंक आली आणि तिच्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या साठ-सत्तर रेकॉर्ड्स निघाल्या. त्याने फोटो पाठवले आणि सोबत प्रश्न केला, "सर, हे वाजवायला कोणतं मशीन घेऊ? इंटरनेटवर दहा कंपन्यांची नावं आहेत आणि प्रत्येकाचा भक्त दुसऱ्याला वेड्यात काढतोय." हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख रेकॉर्ड्स विकल्या गेल्या आणि सीडी मात्र ३ कोटी ३० लाख. रेकॉर्डने नगांच्या हिशेबात सीडीला मागे टाकण्याची ही १९८७ नंतरची पहिलीच वेळ होती. त्या बातम्या आपल्याकडेही पोचल्या, आणि ज्यांच्या घरात आजोबांच्या रेकॉर्ड्स पडून होत्या त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका खाली काढायला सुरुवात केली.

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचे मशीन, बनवणाऱ्या कंपन्यांची नावे पाठ करून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ही सगळी मंडळी एकाच अडचणीशी झगडत आहेत आणि प्रत्येकीने तिचे वेगळे उत्तर काढले आहे. ती अडचण कळली की नावे आपोआप आपापल्या जागी बसतात.

खोबणीत आवाज राहतो म्हणजे काय?

एलपीवर, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या रेकॉर्डवर, शेकडो वर्तुळे दिसतात; पण खरे तर ती बाहेरून आत वळत जाणारी एकच सलग खोबण असते, जिलबीसारखी. वीस मिनिटांच्या एका बाजूत तिचे साडेसहाशेहून अधिक वेढे होतात आणि ती सरळ करून ठेवली तर चारशे मीटरच्या पुढे जाईल. रुंदीला ती माणसाच्या केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक असते.

आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीची चाकोरी पडते आणि उन्हाळ्यात ती वाळून दगडासारखी होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला रेकॉर्ड समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वाळलेल्या चाकोरीतून जाणारी गाडी चाकोरी सांगेल तशीच हलते. गाडीवानाच्या हातात फारसे काही उरत नाही. रेकॉर्डच्या खोबणीच्या दोन्ही भिंती अशाच नागमोडी कापलेल्या असतात. हिऱ्याचे टोक असलेली पिन त्या भिंतींमधून जाताना थरथरते आणि ज्या छोट्या डबीत ती बसवलेली असते, त्या डबीतल्या चुंबकामुळे व तारेच्या वेटोळ्यामुळे त्या थरथरीची वीज होते. या डबीला कार्ट्रिज म्हणतात. वीज फारच थोडी असते, साधारण तीन ते पाच हजारांश व्होल्ट. मोबाईलमधून हेडफोनला जाणारी वीज याच्या कितीतरी पट असते.

थरथर इतकी सूक्ष्म आणि वीज इतकी थोडी असल्यामुळे पुढची सगळी गोष्ट घडते. थरथर गायकाच्या तानेची आहे, मोटारीची आहे, की शेजारच्या खोलीत कोणी दार आपटले त्याची आहे, हे पिनेला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. जे तिला हलवेल ते स्पीकरमधून बाहेर येईल.

टर्नटेबलला नेमके काय करायचे असते?

रेकॉर्ड ज्या गोल तबकावर ठेवतात त्याला आपण थाळी म्हणू आणि पिन धरणाऱ्या दांडीला आर्म. थाळी अचूक वेगाने फिरली पाहिजे, आर्मने पिनेला खोबणीत धरूनही मोकळे सोडले पाहिजे, आणि बाहेरची कोणतीही कंपने पिनेपर्यंत पोचता कामा नयेत. यापलीकडे टर्नटेबलला काही काम नाही.

वेगाचे महत्त्व गाणे ऐकणाऱ्याला लवकर पटते. श्रुती म्हणजे दोन सुरांमधले बारीक अंतर; सर्वांत लहान मानली जाणारी श्रुती म्हणजे ८० ला ८१ हे प्रमाण, अर्थात केवळ सव्वा टक्क्याचा फरक. थाळी सव्वा टक्का जलद फिरली तर सगळे गाणे एका श्रुतीने चढते. ते एक वेळ चालेल, कारण सगळेच सारखे चढलेले असते. पण वेग क्षणात कमी आणि क्षणात जास्त होऊ लागला तर तानपुऱ्याचा स्थिर षड्ज लाटेसारखा हलतो आणि ते कानाला सहन होत नाही. थाळीचा एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. रेकॉर्डचे भोक किंचित बाजूला पडले असेल तर सूर दर १.८ सेकंदांनी झोका घेतो आणि त्याला मशीनचा इलाज नाही.

आर्मचे काम सोनाराच्या काट्यासारखे आहे. मागच्या बाजूचे वजन पुढेमागे सरकवून पिनेवर नेमका भार आणायचा असतो, आणि तो असतो बहुतेक कार्ट्रिजांना दीड ते दोन ग्रॅम. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचे मुंडके शंभर ग्रॅमहून अधिक भार देत असे, म्हणून त्याच्यावर एलपी कधीही ठेवू नये. ती एका फेऱ्यात नांगरली जाईल.

थाळी फिरवायची कशी: डायनॅमो, गिरणीचा पट्टा आणि छताचा पंखा

कंपन्यांचे खरे भांडण इथे सुरू होते. मोटार ही मुळातच थरथरणारी वस्तू आहे आणि थाळीला तर तिच्याशिवाय गती नाही. मग मोटारीची गती घ्यायची आणि थरथर नाकारायची, हे जमवायचे कसे?

पहिले उत्तर सायकलच्या डायनॅमोसारखे आहे, फक्त उलट्या दिशेचे. मोटारीने फिरणारे रबरी चाक थाळीच्या कडेला आतून दाबून धरायचे. इंग्लंडमधल्या स्विंडन इथल्या गॅरार्ड कंपनीची १९५० च्या दशकातली ३०१ आणि १९६५ ची ४०१ ही या जातीची नामांकित यंत्रे आहेत. गॅरार्ड हे नाव मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना वेगळ्या कारणाने आठवेल. लग्नमंडपात कर्णे लावणारे माझे सेलूचे मामा ज्याला नुसते 'चेंजर' म्हणत, ते एकावर एक रचलेल्या रेकॉर्ड्स आपोआप खाली टाकणारे मशीन त्याच कंपनीचे होते, आणि वरात दारात येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असा मामांचा दंडक होता. रबरी चाकाने थाळीला जोर चांगला मिळतो, पण चाक झिजले किंवा एका जागी चेपले की मोटारीची घरघर सरळ गाण्यात उतरते.

दुसरे उत्तर पिठाच्या गिरणीतले आहे. मोटार बाजूला ठेवायची आणि रबरी पट्ट्याने थाळी ओढायची, म्हणजे थरथर पट्ट्याच्या लवचिकपणातच बरीचशी विरते. स्वित्झर्लंडमधल्या सेंट क्रुआ गावी १८८३ साली हर्मन थोरेन्स यांनी सुरू केलेली थोरेन्स कंपनी आधी संगीतपेट्या बनवी; १९५७ साली तिने काढलेल्या टीडी १२४ मध्ये पट्टा आणि रबरी चाक दोन्ही होते, मोटारीपासून चाकापर्यंत पट्टा आणि तिथून थाळीपर्यंत चाक. या तडजोडीकडे पाहिले की अभियंते दोन उत्तरांच्या उंबरठ्यावर उभे असल्यासारखे वाटतात. पुढे १९६१ साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी अॅकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या मशीनमध्ये पट्टा तर घेतलाच, शिवाय थाळी आणि आर्म दोन्ही एकाच चौकटीवर बसवून ती चौकट स्प्रिंगांवर टांगली. टेबलाला धक्का बसला तर थाळी आणि आर्म एकत्र डोलतात, त्यामुळे पिनेला त्यातले फारसे जाणवत नाही. पाळण्यात बाळ आणि दुपटे एकत्र हलतात, तसेच.

तिसरे उत्तर जपानचे. मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, टेक्निक्स या नावाखाली १९७० च्या सुमारास एसपी-१० काढले आणि मधली सगळी मंडळीच काढून टाकली. छताच्या पंख्याची पाती जशी मोटारीवरच बसतात, तशी थाळी थेट मोटारीवर बसवली. मोटार मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच फिरणार असल्यामुळे तिची थरथरही मंद आणि कमी. १९७२ चे एसएल-१२०० आणि १९७९ च्या आसपास आलेले त्याचे दुसरे रूप, ज्यात घड्याळासारख्या क्वार्ट्झ स्फटिकाने वेग बांधलेला होता, ही यंत्रे क्लबमधल्या डीजेंनी उचलली, कारण बटण दाबताच पाऊण सेकंदाच्या आत थाळी पूर्ण वेगावर येते आणि हाताने मागे ओढली तरी ती तक्रार करत नाही. २०१० साली हे उत्पादन बंद झाले आणि २०१६ साली पुन्हा सुरू झाले. इतका मोठा कारखाना स्वतःचा निर्णय फिरवतो, यावरून मागणी किती परतली असेल ते समजावे.

जड बरे की हलके?

पट्टा पसंत करणाऱ्यांच्या घरातही दोन चुली आहेत, आणि दोन्ही ब्रिटनमधल्या. ग्लासगोच्या आयव्हर टिफेनब्रुन यांच्या लिन कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सॉन्डेक एलपी१२ आणले. ते स्प्रिंगांवर टांगलेले, जड थाळीचे, कुंभाराच्या चाकासारखे. एकदा गती घेतली की तिचे वजनच तिला सांभाळते. हे मशीन आजही तयार होते आणि त्याचे नवे सुटे भाग जुन्या मशीनला लावत जाता येतात, म्हणून ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ते घेतले ते आजही त्याच लाकडी चौकटीत नवे बेअरिंग बसवून घेतात. वडिलांनी बांधलेल्या वाड्याला मुलाने नवे दार बसवावे, असे ते नाते आहे. मात्र त्याची किंमत लाखांत जाते, तेव्हा आपल्यासाठी ते बहुधा वाचण्यापुरतेच.

रेगा कंपनीचा विचार नेमका उलटा. टोनी रेल्फ आणि रॉय गँडी यांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव झाले आणि १९७३ साली कंपनी उभी राहिली. गँडी यांचे म्हणणे असे की वजन कंपने थांबवत नाही, साठवून ठेवते आणि मग सावकाश परत देते. त्यामुळे मशीन हलके आणि ताठ असावे. रेगाच्या प्लॅनर ३ ला म्हणून स्प्रिंग नाही, जाडजूड पेटी नाही. तीन पायांची फळी, काचेची थाळी आणि १९८३ साली आलेल्या एका अखंड ओतीव आर्मची परंपरा चालवणारा आर्म, एवढेच असते.

माझ्याकडे हे मशीन बरीच वर्षे आहे. त्याला वेग बदलण्याचे बटण नाही. छोटी ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड लावायची तर काचेची थाळी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायची, बोटाने पट्टा पुलीच्या दुसऱ्या पायरीवर सरकवायचा आणि थाळी परत ठेवायची. पहिल्यांदा हे पाहून घरच्यांनी मला फसवले गेले आहे असेच मानले. पण बटण नाही म्हणजे बिघडायलाही बटण नाही. इतक्या वर्षांत मी पट्टे आणि पिना यांच्यापलीकडे काही बदललेले नाही.

बाकीच्या नावांची ओळख थोडक्यात. जर्मनीतल्या घड्याळांच्या मुलखात, सेंट गेऑर्गेन गावी, चावी आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या मोटारीवरून नाव घेतलेली ड्युअल कंपनी झाली. १९९१ साली ऑस्ट्रियाच्या हाइन्झ लिख्टेनएगर यांनी प्रो-जेक्ट सुरू केली, तेव्हा सीडीच्या लाटेत टर्नटेबल काढणे हा वेडेपणाच मानला गेला असेल. तिची यंत्रे चेक प्रजासत्ताकातल्या लिटोवेल इथे बनतात. जपानची ऑडिओ-टेक्निका ही १९६२ सालापासून मुळात कार्ट्रिजवाली कंपनी. तिचे एलपी६० हे साधे स्वयंचलित मशीन आज अनेकांचे पहिले असते. त्याचे कार्ट्रिज बदलता येत नाही, पिन मात्र बदलता येते.

"मोबाईलवर सगळे फुकट आहे, मग हे कशाला?"

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला आवाजाच्या बळावर उत्तर देऊ नये. मोजमापात सीडी रेकॉर्डपेक्षा सरस आहे: तिच्यात खरखर नाही, सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातले अंतर तिला अधिक झेपते, डावा-उजवा आवाज अधिक वेगळा राहतो. रेकॉर्डच्या आतल्या वेढ्यांत तर आवाज चेंगरतोसुद्धा, कारण बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण जाते आणि मध्याजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. शिवाय आज निघणाऱ्या कितीतरी नव्या रेकॉर्ड्स मुळात डिजिटल ध्वनिमुद्रणावरूनच बनतात.

मग उरते काय? ट्रंकेतल्या रेकॉर्ड्सपैकी काही मोबाईलवर मिळतच नाहीत, हे एक. आणि वीस मिनिटांनी उठून बाजू उलटावी लागते म्हणून माणूस ख्यालाच्या मध्येच दुसरे काही लावत नाही, हे दुसरे. मला दुसरे कारण अधिक पटते, पण ते माझ्यापुरते.

"चोरबाजारात जुने स्वस्त मिळते, ते घेऊ का?"

घ्यावे, पण आधी मशीनच्या मागची पट्टी वाचावी. मी वाचली नव्हती. मुंबईतून एक जुने पट्ट्याचे मशीन आणले, विक्रेत्याने व्होल्टेज उतरवणारा डबा सोबत दिला आणि मी निर्धास्त झालो. घरी लावले तर ओळखीचा गायक आजारी असल्यासारखा गाऊ लागला. हार्मोनियम काढून सूर लावून पाहिला. जी बैठक काळी एकमध्ये असल्याचे मला पक्के ठाऊक होते, ती काळी पाचवर उतरली होती. मशीन अमेरिकेतले होते. अशा जुन्या मशीनमधली मोटार विजेच्या दाबावर वेग ठरवत नाही, विजेच्या आंदोलनांवर ठरवते, आणि अमेरिकेत ती सेकंदाला ६० तर आपल्याकडे ५० असतात. डबा व्होल्टेज उतरवतो, आंदोलने वाढवत नाही. वेग एक षष्ठांशाने कमी झाला की सूर तीन पट्ट्या उतरतो. शेवटी परभणीतल्या एका लेथवाल्याकडून मोटारीची पितळी पुली सव्वापटीला थोडी कमी, म्हणजे १.२ पट व्यासाची करून घेतली, पट्टा घसरू नये म्हणून मधोमध किंचित फुगीर ठेवून. तेव्हा गायक पूर्ववत झाला. जपानहून येणाऱ्या जुन्या मशीनबाबत आणखी काळजी घ्यावी, कारण तिथली घरगुती वीज १०० व्होल्टची असते आणि ते मशीन सरळ आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात लावले तर ते त्याचे अखेरचे गाणे ठरते.

सूटकेससारख्या दिसणाऱ्या, स्पीकर पोटातच असलेल्या स्वस्त नव्या मशीनपासून मात्र मी त्या विद्यार्थ्याला परावृत्त केले. त्यांतल्या अनेकांत पिनेवर चार-पाच ग्रॅम भार असतो, तो कमी करण्याची सोय नसते, आणि स्पीकर व पिन एकाच पेटीत असल्यामुळे स्पीकरची थरथर पुन्हा पिनेत शिरते.

ट्रंकेतल्या जाड, ठिसूळ तबकड्यांचे काय?

त्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेपासून केलेल्या. ज्या लाखेच्या बांगड्या होतात, तीच लाख. त्यांची खोबण एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते, म्हणून एलपीची पिन त्यांच्या तळाशी घासत, कचरा चिवडत जाते. त्यांना वेगळी जाड पिन आणि ७८ चा वेग असलेले मशीन लागते. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२० वर तो आहे, बहुतेक नव्या मशीनवर नाही.

मराठवाड्यात मशीन नांदवायचे कसे

कंपनी कोणतीही घेतली तरी अर्धा आवाज ते कुठे ठेवले यावर ठरतो. टेबलापेक्षा भिंत बरी, आणि भिंतीत माळवदाच्या घराची दोन-अडीच हात जाड मातीची भिंत सर्वांत बरी. तिच्यातल्या कोनाड्यात शहाबादी फरशीचा तुकडा बसवून त्यावर मशीन ठेवले, तर हजारो रुपयांचे कंपनरोधक स्टँड लागत नाहीत. फरशी गवंड्याच्या लेव्हलने समतल करून घ्यावी, नाहीतर आर्म एका बाजूला ओढला जातो.

पिनेची क्षीण वीज वाढवणारा जो फोनो प्रीअॅम्प नावाचा डबा लागतो, तो आणखी एक काम करतो. खर्जाच्या लाटा रुंद असतात आणि त्या तशाच कापल्या तर खोबणी एकमेकींत घुसतील, म्हणून रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार स्वर वाढवतात. हा डबा ते उलट करून देतो. मशीनमधून निघणारी बारीक एकेरी तार त्याच्या मागच्या स्क्रूला जोडायची राहून गेली की स्पीकरमधून भुंग्यासारखी गुणगुण येते. जुन्या चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवरही तशीच येते, तेव्हा लाइट गेल्यावर एक तर साइन वेव्ह इन्व्हर्टर असावा किंवा गाणे थांबवावे.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद गाडीत रेकॉर्ड वाकते, आणि आडव्या थप्पीत तर नक्कीच. त्या उभ्या ठेवाव्यात. धुळीसाठी मऊ ब्रश पुरतो, पण जुन्या रेकॉर्ड धुवायच्याच असतील तर बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडच्या बोअरमधले क्षार खोबणीत वाळतात आणि पिन त्यांवरून खडखडत जाते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, ती विरघळते. मी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी आणतो, पाच लिटरचा एक कॅन दोन महिने जातो. दुकानदाराने परवा न राहवून विचारले, "सर, इन्व्हर्टर लई मोठंय का तुमचं?" मी रेकॉर्ड धुतो असे सांगितले. त्याने बिल करता करता मान हलवली आणि कॅन गाडीला बांधून दिला.